मुरसिनी पाहुण्यांना जकार्ता दाखवते

मुरसिनीला जकार्ता कधी आवडलं नाही, पण जकार्ता दाखवावं तर तिनेच, असं मध्य जावातल्या आमच्या वोनोगिरीकडचा कोणीही सांगेल. चौतीस वर्षांत तिने गावची सव्वाशेक माणसं मोनासच्या पायथ्याशी नेऊन उभी केली असतील. मोनास म्हणजे शहराच्या मधोमध उभा असलेला उंच पांढरा स्तंभ, डोक्यावर सोन्याची ज्योत घेतलेला. त्याच्यापुढे काढलेला फोटो घरात टांगलेला नसेल तर तो माणूस जकार्ताला जाऊन आला यावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे पाहुणा आला की मुरसिनी चटई गुंडाळून, केळीच्या पानात भात बांधून निघालीच. कुठल्या फाटकातून शिरलं की रांग लहान लागते, कुठल्या झाडाखाली बसलं की पहारेकरी उठवत नाही, मोठ्या मशिदीत चपला कुठे काढल्या की परत सापडतात, हे सगळं तिला पाठ होतं.

एवढ्या वेळा गेली, पण मोनासच्या माथ्यावर ती चढली ती एकदाच. बाकीच्या वेळी पाहुणे वर जात आणि ती खाली पिशव्या सांभाळत बसे.

ते एकदा चढणंही हौसेचं नव्हतं. आमच्याकडची माणसं डावं-उजवं म्हणत नाहीत. मिठाची बरणीसुद्धा 'जरा उत्तरेला सरकव' म्हणतात. सत्तावीस वर्षांची मुरसिनी नवऱ्यामागे रात्रभराचा बसप्रवास करून जकार्ताला आली आणि सकाळी बघते तर सूर्य उत्तरेला उगवलेला. तीन महिने तो तिथेच उगवत राहिला. तिला अन्न गोड लागेना, गल्लीत चालताना भोवळ येई. शेवटी सुकीरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, गोमांसाच्या गोळ्यांच्या सुपाची आपली गाडी एक दिवस बंद ठेवली आणि तिला मोनासवर नेलं. वर वाऱ्यात उभी करून, खांद्याला धरून तिला वळवलं आणि म्हणाला, "ही पूर्व. आणि तिथून थोडं दक्षिणेला, तिकडे आपलं घर." धुरकट आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सूर्य बरोबर जागेवर उगवला.

त्या वर्षी ईदेला ती गावी गेली तेव्हा तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आमच्याकडे दारावरून कोणी चाललं की आतून 'माम्पिर' म्हणून हाक मारायची रीत आहे. या, टेका जरा, असा त्याचा अर्थ. हाक मारणाऱ्याच्या चुलीवर काही नसतं आणि जाणाऱ्याला थांबायचं नसतं. 'हो हो, पुन्हा कधीतरी' म्हणायचं आणि पुढे चालायचं. हाक न मारणारा उर्मट आणि हाकेसरशी आत येऊन बसणारा येडा. मुरसिनीने रीतीप्रमाणे गावभर सगळ्यांना सांगितलं, जकार्ताला आलात की माम्पिर. दारावरून जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि दोनशे कोसांवरच्या राजधानीची वेगळी, हे तिच्या ध्यानात आलं नाही. गावाने तिचं बोलणं शब्दशः घेतलं. पुढच्या सुटीत चुलत सासू सात माणसं घेऊन दारात हजर झाली.

तेव्हापासून हे चालू होतं. जकार्तातल्या मांगराईच्या गल्लीत तिची एकच खोली. पाहुणे पलंगावर आणि पलंगाखाली झोपत, नवरा सुपाच्या गाडीवर, आणि ती दाराशी, पाय दुमडून. सहा वर्षांपूर्वी सुकीर गेला. त्याला गावच्या मातीत जायचं होतं, म्हणून त्याला तिकडे नेऊन पुरलं. मुरसिनी मात्र परत आली, कारण पोट इकडे होतं. तिचं काम जामू विकण्याचं. हळद-चिंचेचं पाणी, तांदूळ आणि कचोऱ्याचं पेय, गुळवेलीसारखा कडू काढा, अशा आठ काचेच्या बाटल्या वेताच्या टोपलीत उभ्या करायच्या, टोपली कापडाच्या झोळीने पाठीशी बांधायची आणि पहाटेपासून गल्ल्या तुडवायच्या. दुसऱ्यांची कंबर आणि गुडघे बरे करता करता तिचे स्वतःचे कधीच गेले होते. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, आजी, आता ओझं उचलू नका. मुरसिनी हो म्हणाली आणि टोपली पाठीला लावून दवाखान्यातून बाहेर पडली.

यंदा शाळांना सुटी लागली तशी धाकट्या भावाचा, वियोतोचा, फोन आला. तो आणि त्याची बायको लास्मी चार दिवस जकार्ता बघायला येणार होते. त्याची ही पाचवी खेप. चार वेळा त्याने मोनास पाहिला होता, चारही वेळा वर जाताना त्याचे पाय लटपटले होते, आणि तरी आता पुन्हा म्हणत होता, सगळं बघू, काही सोडायचं नाही.

फोन ठेवून मुरसिनी उंबऱ्यावर बसली. ती दमली होती. साधी दमली नव्हती, हाडापर्यंत दमली होती. नुसतं 'मोनास' म्हटलं तरी तिच्या पोटऱ्यांत गोळे येत.

शेजारची रोहाया नारळाच्या दुधातला भात विकून पातेलं घासत होती. रोहाया मूळची जकार्ताचीच, म्हणजे मनात येईल ते ओठांवर आणणाऱ्या लोकांतली. ती म्हणाली, सांग की येऊ नका म्हणून, जीभ काय भाड्याने दिलीय? मुरसिनी म्हणाली, नाही, यंदा यायला हवेत. आणि मग तिने कारण सांगितलं. खोलीचा मालक जागा विकणार होता. ईदेपर्यंत खोली रिकामी करायची होती. दुसरी खोली घेऊन पुन्हा टोपली उचलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. गावी बापाचं घर होतं. रीतीप्रमाणे ते धाकट्याकडे गेलं, कारण आई-बापाला शेवटी त्यानेच सांभाळलं. पण आई जाताना वियोतोच्या देखत म्हणाली होती, पश्चिमेची खोली मुरसिनीची. चुलीला लागून असलेली, पेरूच्या झाडाकडे खिडकी उघडणारी लहानशी खोली. तिथून नवऱ्याची कबर दहा पावलांवर. मुरसिनीला आता तेवढीच खोली हवी होती आणि त्यासाठी भावाने एकदा 'ये' म्हणायला हवं होतं.

"मग सरळ सांग ना त्याला, मी राहायला येतेय म्हणून," रोहाया म्हणाली.

"असं कसं तोंडावर सांगू? त्याला नाही म्हणायचं असलं तर?"

"तर म्हणेल नाही."

"तो नाही म्हणणार नाही."

"मग झालंच की काम."

"तेच तर दुखणं आहे. तो हो म्हणेल."

रोहायाने पातेलं खाली ठेवून कपाळाला हात लावला. तुम्ही जावानीज माणसं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारी, असं काहीसं ती आपल्या भाषेत पुटपुटली. मुरसिनीला ते लागलं नाही, कारण खरंच होतं. आमच्याकडे समोरच्यावर 'नाही' म्हणायची पाळी आणणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सगळेच हो म्हणतात, आणि त्यातला कुठला हो खरा, हे ओळखण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं.

वियोतो आणि लास्मी आले ते काजूची पिशवी, कसाव्याच्या पापड्या आणि एक अख्खा फणस घेऊन. लास्मीने आल्याआल्या पलंगाचा कोपरा धरला आणि पाय वर घेतले. वियोतो खोलीभर बघत राहिला, जणू पहिल्यांदाच येतोय. अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. केस पिकले होते, पण बहिणीसमोर अजून मान खाली घालून बसायची सवय गेली नव्हती. मुरसिनीला त्याला बघून बरं वाटलं. आईसारखंच नाक होतं त्याचं.

पहिल्या दिवशी जुन्या शहरात गेले. तिथे चौकात रंगीत सायकली आणि तशाच रंगाच्या मोठ्या टोप्या भाड्याने मिळतात. लास्मीने गुलाबी टोपी घातली, गुलाबी सायकलवर बसून फोटो काढून घेतले आणि सायकल न चालवताच परत दिली. ऊन चढलं होतं. डचांच्या वेळच्या एका इमारतीच्या सावलीत मुरसिनीने चटई टाकली आणि पहिला खडा टाकून पाहिला. म्हणाली, वियोतो, माझ्या गुडघ्यांना आता हे शहर सोसत नाही बघ. वियोतो म्हणाला, हो यू. यू म्हणजे मोठी बहीण. हो यू, शहरात हवाच कुठे आहे, गावाकडे हवा चांगली. एवढं बोलून तो एकदम उठला आणि म्हणाला, ते बाहुल्यांचं संग्रहालय राहिलं की.

ते दोनदा पाहिलेलं होतं. तिसऱ्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मशीद, मग तिच्या समोरचं चर्च बाहेरून, मग दुपारी समुद्रकिनारा. मुरसिनीच्या पायाचे तुकडे पडायचे बाकी होते. मशिदीच्या गार फरशीवर तिने पाय पसरले आणि क्षणभर वाटलं, इथेच राहावं, पुढचं कोणी दाखवा त्यांना. पण वियोतो थांबायलाच तयार नव्हता. इतकी बघण्याची हौस त्याला कधीपासून लागली, हे तिला कळेना. बघतही धड काही नव्हता. प्रत्येक ठिकाणी हात मागे बांधून उभा राही, तोंड उघडी, मिटी, आणि म्हणे, चला पुढे. लास्मी त्याला मधूनमधून कोपराने ढोसत होती. मुरसिनीला वाटलं, बाईला आणखी कुठे जायचं असेल.

किनाऱ्यावर तिने जरा धीर करून दुसरा खडा टाकला. मालक खोली विकतोय, ईदेपर्यंत सोडायची आहे, असं सरळ सांगितलं. एवढं म्हणजे आमच्या हिशोबाने जवळजवळ ओरडून सांगण्यासारखंच झालं. वियोतो वाळूत काडीने रेघा ओढत राहिला.

बोलली ती लास्मी. "अगोबाई यू, मग आम्ही जकार्ताला आल्यावर उतरायचं कुठे?"

मुरसिनी तिच्याकडे बघतच राहिली. लास्मीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला खरोखरीच तो प्रश्न पडला होता. विहीर आटली तर पाणी कुठून आणायचं, असा. विहिरीचं पुढे काय होईल हे कोणी विचारत नाही. मुरसिनीने समुद्राकडे तोंड फिरवलं.

"देव झोपलेला नाही, यू," वियोतो खाली बघून म्हणाला. आमच्याकडे काहीच करायचं नसलं की असं म्हणतात.

त्या संध्याकाळी ती दाराशी नेहमीच्या जागी आडवी झाली. उद्याचा दिवस उरला होता, मोनासचा. उद्याही तो असाच हो यू, हो यू करत राहिला तर परवा बस निघून जाईल, आणि ईदेला तिला कोणाच्यातरी वळचणीला जावं लागेल. लहानपणी तापात तिने याच भावाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. ते आता आठवून उपयोग नव्हता, पण आठवलं.

मोनासला ते सकाळी लवकरच पोचले, तरी रांग होतीच. वर जायला एकच लिफ्ट, माणसं दहा-बारा मावतात, आणि शाळांच्या सहली आलेल्या. मुरसिनीने ठरलेल्या झाडाखाली चटई टाकली, पिशव्या ओळीने मांडल्या आणि बसणार एवढ्यात लास्मी तिच्या आधी बसली. तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ती म्हणाली, तुम्ही बहीणभाऊ जा वर, मी बसते इथे. आणि पुन्हा एकदा नवऱ्याकडे बघून तिने ओठ आवळले.

मुरसिनी पिशव्यांकडे बघत उभी राहिली. चौतीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन तास रांगेत गेले. पुढे मास्तरीणबाई मुलांना मोजत होत्या, मागे कोणीतरी शेंगा सोलत होतं. वियोतो घामाने भिजला होता. लिफ्टमध्ये त्याने डोळे मिटून घेतले आणि बहिणीच्या बाहीचं टोक पकडलं. मुरसिनीने ते सोडवून घेतलं नाही.

वर वारा तसाच होता. आभाळही तसंच धुरकट. खाली झाडांच्या पलीकडे उंच इमारती उगवल्या होत्या, त्या तेव्हा नव्हत्या. मुरसिनी कठड्याला धरून हळूहळू सरकत पूर्वेच्या बाजूला आली, तिथून जरा दक्षिणेला, आणि थांबली. इथे सुकीरने तिला धरून वळवलं होतं. तिला त्याची फार आठवण आली. आता असता तर तिला कोणाकडे काही मागावं लागलं नसतं, किंवा लागलं असतं तरी त्याने मागितलं असतं.

"तिकडे आपलं घर," ती म्हणाली.

वियोतो तिच्या शेजारी उभा होता. खाली बघत नव्हता, कठडा घट्ट धरून होता. तो म्हणाला, "यू, पश्चिमेची खोली नाहीये आता."

"नाहीये म्हणजे?"

"पाडली. कापणी झाल्यावर. सुनेला दुकान काढून दिलं तिथे. फोनचं. रस्ता त्याच बाजूने जातो ना. तेच सांगायला आलो होतो. फोनवर सांगवेना. तीन दिवस झाले, सांगायचं म्हणतो आणि पुढचं काहीतरी बघायला निघतो."

तीन दिवस मुरसिनीने याला शहरभर हिंडवलं होतं आणि दर ठिकाणी, सायकलींच्या चौकात, मशिदीत, वाळूत, हा हे वाक्य तोंडात घेऊन फिरत होता. तीही तिचं वाक्य घेऊन फिरत होती. दोघांचे पाय दुखले, तिकिटं फाडली गेली, लास्मीचे पाय सुजले. एवढ्यासाठी. पेरूचं झाड ठेवलं का, असं तिला विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

आमच्याकडे अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. 'असू दे, काही नाही.' मुरसिनीने आयुष्यभर ते म्हटलं होतं. पलंगावर पाहुण्यांच्या पोरांनी ओकून ठेवलं तेव्हा म्हटलं, सुकीरचा चाळिसावा दिवस इकडे खोलीत केला आणि भाऊ आला नाही तेव्हाही म्हटलं. आताही ते जिभेच्या टोकावर आलं होतं.

"मला राग आलाय, वियोतो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फार राग आलाय. ती आईने मला दिली होती. तू तिथेच बसला होतास."

बहिणीला राग येतो हे वियोतोला अठ्ठावन्न वर्षांत ठाऊक नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि खाली घातल्यावर त्याला तळ दिसला, म्हणून त्याने पुन्हा वर केली. त्याचे डोळे भरले होते. एका शाळकरी मुलीने दोघांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, तिला फोटो काढायचा होता. दोघंही झाले बाजूला.

मग वियोतो म्हणाला, "तरी घर तुझंच आहे यू. कधीही ये."

हे माम्पिर होतं. स्वच्छ, रीतीचं, दारावरून जाणाऱ्याला घालतात तसं. याला काय उत्तर द्यायचं ते शेंबड्या पोरालाही कळतं. हो हो, येईन कधीतरी. आणि पुढे चालायचं.

"येते," मुरसिनी म्हणाली. "ईदेच्या तीन दिवस आधी. पुढच्या बैठकीत झोपेन."

"बैठकीत? तिथे तर पाहुणे येऊन बसतात यू."

"चौतीस वर्षं पाहुण्यांच्या पायथ्याशीच झोपलेय. मला सवय आहे."

"पण लास्मी..."

"मी एका ईदेला तुम्हाला या म्हणाले होते. तुम्ही आलात. कधी विचारलं का मी, खरंच कसे आलात म्हणून? चहा ठेवला. आता तू ये म्हणालास. मी येते."

वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा रुमाल मागे सरकला. तो तिने नीट केला. हे सगळं बोलून झाल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. ती फक्त आणखी दमली, आणि थोडी लाजही वाटली, भावाला कोपऱ्यात धरल्याची. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

"हो यू," वियोतो म्हणाला.

हा हो कुठला, हे तिला ओळखता आलं नाही. लिफ्टसाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. खाली आल्यावर लास्मीने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग नणंदेच्या, आणि काही न विचारता पानातला भात पुढे केला. तिघं जेवली. मोनासपुढे फोटो काढायचा राहिला, हे खोलीकडे परतताना बसमध्ये बसल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची दुपारची बस होती. मुरसिनी पहाटे उठली, पण जामू उकळायला ठेवलं नाही. तिने आठही बाटल्या राखेने घासल्या, उन्हात वाळवल्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक गुंडाळली आणि टोपलीत बसवली. वर झोळीचं कापड घडी करून ठेवलं. रोहाया दारातून हे बघत होती. एरवी तिचं तोंड थांबत नाही, आज तिने फक्त टोपली उचलायला हात लावला.

बसस्थानकावर वोनोगिरीच्या गाड्यांची रांग लागली होती. लास्मीचं सामान आलं होतं त्याच्या दुप्पट झालं होतं. खिडकीजवळची जागा धरता धरता ती म्हणाली, यू, माझ्या भावाची माणसं पुढच्या सुटीत जकार्ता बघायला यायचं म्हणतायत, त्यांना काय सांगू? मुरसिनी म्हणाली, सांग, जकार्ता जागेवरच आहे. लास्मीला हसावं की नाही ते कळेना, म्हणून ती जराशी हसली.

वियोतो निरोप घ्यायला खाली उभा होता. त्याने वाकून बहिणीचा हात कपाळाला लावला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "बराय यू. ये मग घरी."

मुरसिनीने टोपली त्याच्या पायाशी ठेवली. "ही घेऊन जा."

त्याने टोपलीकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येक माणसाला ती टोपली ठाऊक होती. "मग उद्या विकणार कशात?"

"उद्या विकणार नाही."

ती एवढंच बोलली, कारण आणखी बोलली असती तर रडू आलं असतं. बोलण्यावर तिचा भरवसा नव्हता, ना त्याच्या, ना स्वतःच्या. शब्द आमच्याकडे हवे तेवढे मिळतात. पण टोपली एकदा बसमध्ये चढली की ती कुठेतरी उतरवावी लागते, घरात तिला जागा करावी लागते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की ही कोणाची, तर काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आणि तो म्हणाला असता की राहू दे यू, तूच आण येताना, तर तिला सगळं कळलं असतं. मग परत जाऊन जामू उकळायला ठेवायचं, एवढंच राहिलं असतं.

खिडकीतून लास्मी बघत होती. इंजिन सुरू झालं होतं. बसचा कंडक्टर सामानाचं खालचं दार बंद करत आला, टोपलीला पायाने हलवत म्हणाला, ही कोणाची, आत काय आहे, लवकर बोला.

वियोतो खाली बसला. झोळीचं कापड उलगडून त्याने टोपलीखालून घेतलं, त्याची गाठ बांधायला गेला, ती जमेना, बायका बांधतात तशी त्याला येत नव्हती. शेवटी त्याने टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलली. चिंध्यांत गुंडाळलेल्या बाटल्या तरी आत एकमेकींवर वाजल्या.

"पाय लावू नकोस," तो कंडक्टरला म्हणाला. "काच आहे. माझ्या बहिणीची टोपली आहे. ती मागून येतेय."